घर आपलं की परकं? : 'आर्कॉन' मांडताना

बुद्धिबळात एक गोष्ट आपण गृहीत धरतो. प्याद्याने वजीर मारला, तर वजीर गेला. तो उलटून वार करत नाही. पटावरचे काळे-पांढरे रंगही मुख्यतः डोळ्यांच्या सोयीसाठी असतात. 1983 साली आलेल्या 'आर्कॉन' या संगणकीय खेळाने ही दोन्ही गृहीतकं मोडली. अ‍ॅन वेस्टफॉल, जॉन फ्रीमन आणि पॉल राइश यांच्या 'फ्री फॉल असोसिएट्स'ने तो बनवला आणि इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने बाजारात आणला. आधी अटारीवर आणि मग कमोडोर 64 वर तो पुष्कळ खेळला गेला. पाच वर्षांनी आलेल्या 'बॅटल चेस'मध्ये सोंगट्या एकमेकांना मारताना दिसत, पण नियम जुन्या बुद्धिबळाचेच होते. आर्कॉनमध्ये नियमच वेगळे आहेत.

आधी पट समजून घेऊ. तो नऊ बाय नऊ, म्हणजे 81 घरांचा. डाव्या हाताला प्रकाशाची बाजू, उजव्या हाताला अंधाराची. प्रत्येकाकडे 18 सोंगट्या, दोन उभ्या ओळींत. प्रकाशाच्या मागच्या ओळीत मधोमध जादूगार, त्याच्या एका बाजूला जिन, दुसरीकडे फिनिक्स पक्षी. पुढे दोन्हीकडे एकशिंगी घोडे, मग गोलेम नावाचे दगड फेकणारे धिप्पाड पुतळे, आणि टोकांना उडणाऱ्या व्हाल्किरी. पुढच्या ओळीत सात शिलेदार, त्यांच्या दोन टोकांना एकेक धनुर्धर. समोर अंधाराची फौज अशीच मांडलेली : मधोमध चेटकीण, शेजारी ड्रॅगन आणि बहुरूपी, मग बॅसिलिस्क, ट्रोल, बॅन्शी, पुढे मँटिकोर आणि सात गॉब्लिन. आपल्याकडच्या बहुरूप्यासारखाच हाही समोरच्याचं रूप घेतो. ड्रॅगनशी लढताना तो ड्रॅगन होतो, शिलेदाराशी लढताना शिलेदार.

काही सोंगट्या जमिनीवरून चालतात, काही उडतात. चालणाऱ्यांना तिरकं जाता येत नाही आणि वाटेतली सोंगटी ओलांडता येत नाही. उडणाऱ्यांना दोन्ही जमतं. एकदा सोंगटी शत्रूच्या घरात शिरली की पट नाहीसा होतो आणि पडदाभर रणांगण उघडतं. इथून पुढे जॉयस्टिक ज्याच्या हातात, त्याचं कौशल्य. रणांगणात अडथळे असतात. ते हळूहळू पुसट होतात, पुन्हा गडद होतात. पुसट झाले की त्यांतून पार जाता येतं.

एक लढाई जवळून पाहू. पांढऱ्या घरातल्या शिलेदारावर ड्रॅगन चालून आला आहे. कागदावर हा सामना एकतर्फी. ड्रॅगन लांबून आग ओकतो, शिलेदाराला तलवार चालवायला अगदी अंगाशी जावं लागतं. पण एक वार झाला की पुढच्या वारापर्यंत थोडं थांबावं लागतं. ड्रॅगनलाही. शिलेदाराने अडथळ्याआड राहून एक ज्वाळा चुकवली आणि त्या क्षणी धाव घेतली, तर ड्रॅगनला जखम होते. ही जखम पटावरही सोबत येते आणि हळूहळूच भरते. म्हणजे शिलेदार मेला तरी त्याचा मृत्यू फुकट जात नाही. उद्या हाच अर्धमेला ड्रॅगन एखाद्या धनुर्धराच्या हाती सापडतो.

आता घराचा रंग. प्रकाशाच्या सोंगटीला पांढऱ्या घरात जास्त जीव मिळतो, काळ्या घरात कमी. अंधाराचं उलट. लढाई होते ती ज्याच्यावर हल्ला झाला त्याच्या घरात. म्हणून हल्ला करण्याआधी शत्रूच्या पायाखालचं घर पाहायचं : ते तुमच्या रंगाचं असेल तर शिरा, नसेल तर थांबा. शिवाय काही घरं पांढऱ्यातून काळ्याकडे आणि परत अशी टप्प्याटप्प्याने रंग बदलत राहतात. आज सुरक्षित असलेली सोंगटी चार चालींनी परक्या घरात सापडते.

पटावर पाच शक्तिस्थानं आहेत : चारही कडांच्या मध्यावर एकेक आणि पटाच्या केंद्रात एक. पाचही ताब्यात आली की डाव जिंकला. शत्रूची सगळी फौज संपवली तरीही जिंकला. शक्तिस्थानावर बसलेल्या सोंगटीवर मंत्र चालत नाहीत आणि तिच्या जखमाही लवकर भरतात. जादूगार आणि चेटकीण सुरुवातीपासून अशाच एकेका स्थानावर असतात. दोघांकडे सात-सात मंत्र : स्थलांतर, उपचार, कालचक्र फिरवणं, अदलाबदल, पंचमहाभूतांपैकी वायू, पृथ्वी, अग्नी किंवा जल यांतल्या एकाला लढायला बोलावणं, मेलेल्याला उठवणं आणि बंदिवास. प्रत्येक मंत्र एकदाच.

हे सगळं आजच्या संगणकावर आणायचं, तर कमोडोर 64 ची नक्कल करणारं 'व्हाइस' हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. खेळाचे हक्क मात्र राखीव आहेत, त्यामुळे डिस्कची प्रत अधिकृत असू द्या. व्हाइस उघडलं की निळा पडदा येतो आणि 38911 बाइट मोकळ्या असल्याचं सांगतो. जॉयस्टिकच्या सेटिंगमध्ये दोन्ही पोर्ट ठरवा. गेमपॅड नसेल तर कीबोर्डचे कीसेट लावा आणि कीसेटला परवानगी देणारा पर्याय चालू करायला विसरू नका. 'काहीच हलत नाही' याचं कारण बहुतेकदा तेच असतं. मग ऑटोस्टार्टने डिस्कची फाइल उघडा. जुन्या ड्राइव्हचा संथपणाही व्हाइस इमानदारीने वठवतं, म्हणून खेळ चढेपर्यंत वार्प मोड चालू ठेवा. चढला की लगेच बंद करा, नाहीतर लढाई डोळ्यांदेखत संपेल.

पहिले दोन-तीन डाव संगणकाशी नको, शेजारी बसलेल्या माणसाशी खेळा. आणि शिलेदार पुढे ढकलण्याआधी समोरच्या घराचा रंग बघा. बाकीचं सगळं बोटांना सवयीने येतं.