परदेशी गाडी बरी कीं घरची?

गेल्या ज्येष्ठांतील गोष्ट. दिवेलागण झाली होती. शहाडच्या आमच्या घरीं चहा चालला असतां धाकट्या पुतण्यानें हातांतील फोन पुढें धरून एका गाडीचें चित्र दाखविलें आणि म्हटलें, "काका, घ्यायची तर इंपोर्टेडच. आपल्याकडच्या गाड्यांत अर्थ नाहीं." त्याचे वडील, म्हणजे आमचे थोरले बंधु, कांहींच बोलले नाहींत. स्वयंपाकघराच्या दाराशीं उभ्या असलेल्या वहिनी मात्र हळूच म्हणाल्या, "कोठलीही घे बाबा, पण मंगळवारीं, गुरुवारीं आणि शनिवारीं ती चालली पाहिजे."

वहिनींना आठवड्यांतून तीन वेळां डायलिसिससाठीं कल्याणास न्यावें लागतें. रिक्षांतील धक्के त्यांना आतां सोसवत नाहींत. तेव्हां गाडी हा आमच्या घरीं हौसेचा विषय नसून औषधपाण्याचा आहे; आणि तिच्यासाठीं लागणारे पैसे नातीच्या शिक्षणाच्या पुंजींतून काढावयाचे होते. एकत्र कुटुंबांत असा प्रश्न एकट्यादुकट्याचा राहत नाहीं. म्हणून पुतण्यास थोडे दिवस थांबावयास सांगून आम्हीं या विषयाचा जमेल तितका विचार केला. तोच येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहूं. व्याकरण शिकविण्यांत आयुष्य गेल्यामुळें आम्हांस ती खोडच आहे. 'परदेशी गाडी' या एका शब्दाखालीं तीन निरनिराळ्या वस्तु मोडतात. पहिली, परदेशांत पुरी तयार होऊन बोटीनें येणारी. दुसरी, सुट्या भागांच्या रूपानें येऊन येथें जोडली जाणारी. तिसरी, नांव परदेशी पण घडण येथलीच. पुतण्यानें दाखविलेलें चित्र अमेरिकन जीप कंपनीच्या 'कंपास' या गाडीचें होतें. ती २०१७ सालापासून पुणें जिल्ह्यांत रांजणगांवीं तयार होऊं लागली. महागणपतीच्या दर्शनास जाणाऱ्या वाचकांस तें गांव ठाऊक असेलच. त्याच कारखान्यांत टाटांची नेक्सॉनही तयार झाली. हें ऐकून पुतण्याचा चेहरा जरा उतरला!

हा घोटाळा आजचा नाहीं. अमेरिकेच्या जनरल मोटर्सनें १९२८ सालीं मुंबईंत शिवडीस गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. पण जोडणें निराळें आणि घडविणें निराळें. विश्वेश्वरय्यांनीं मोटारींच्या कारखान्याची योजना मांडली. वालचंद हिराचंद यांनीं ती मनावर घेऊन १९४० सालीं अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशीं करार केला. इंग्रज सरकारनें मात्र त्यांना हात दिला नाहीं. अखेर १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी उभी राहिली आणि १९४७ सालीं कुर्ल्याच्या कारखान्यांतून गाड्या बाहेर पडूं लागल्या. त्यांवर नांवें होतीं डॉज, प्लिमथ आणि डिसोटो! त्या देशी म्हणाव्या कीं अमेरिकन? १९५३ सालीं सरकारनें ठरविलें कीं येथें राहावयाचें तर गाडी हळूहळू येथेंच घडविली पाहिजे. जनरल मोटर्स व फोर्ड यांनीं गाशा गुंडाळला. कुर्ला आणि उत्तरपाडा हीं ठिकाणें राहिलीं.

पुढील तीस वर्षें रस्त्यांवर राज्य मुख्यतः दोन गाड्यांचें होतें. कुर्ल्याची फियाट, जिचें पुढें १९७४ सालीं पद्मिनी असें नामकरण झालें; आणि उत्तरपाड्याची अँबॅसडर. सेंच्युरी रेयॉनमुळें बिर्ला हें नांव शहाडांत पोरासोरांच्या तोंडीं आहे; अँबॅसडर काढणारी हिंदुस्थान मोटर्सही त्याच घराण्याची. फियाट मुळांत इटलीची, अँबॅसडर मुळांत इंग्रजी मॉरिसची. स्वदेशीचा अभिमान आम्हांसही आहे. पण खरें तें सांगितलें पाहिजे. बंद दाराआड या गाड्यांस स्पर्धाच उरली नाहीं. गिऱ्हाइकानें पैसे भरून वर्षानुवर्षें वाट पाहावी आणि जी मिळेल ती मुकाट्यानें घ्यावी, अशी स्थिति झाली. डिसेंबर १९८३ मध्यें जपानच्या सुझुकीच्या साह्यानें मारुति आली, तेव्हां कोठें तें दार किलकिलें झालें. बाहेरच्या विद्येवांचून घरची विद्या कुजते, हा त्या काळाचा धडा होय.

मग परदेशीच बरी काय? येथें घरची एक आठवण सांगतों. आमचे चुलते अण्णा यांना मोटारींचा भारी नाद. त्यांनीं मुंबईच्या एका गृहस्थाकडून एक जुनी, भलीमोठी परदेशी गाडी घेतली. तिचें नांव सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. गाडी देखणी, आंत बसलें कीं पलंगावर बसल्यासारखें वाटे. १९७९ च्या श्रावणांत एका रात्रीं आजीस छातींत दुखूं लागलें. अण्णांनीं तिला गाडींत घातलें आणि कल्याणच्या वाटेवर अर्ध्यांतच इंजिनांतून वाफेचे लोट निघाले. पाण्याच्या पंपाचा दांडा तुटला होता. पाऊस कोसळत होता. तेवढ्यांत एक फियाट टॅक्सी देवासारखी आली, म्हणून आजी वांचली.

ती परदेशी गाडी पुढें दोन महिने अंगणांत उभी होती. मुंबईंतील दुकानें पालथीं घातलीं, पण तो दांडा मिळेना. अखेर उल्हासनगरांतील एका सिंधी कारागिरानें तुटका दांडा मापून लेथवर नवा करून दिला. फाळणीनंतर लष्करी छावण्यांत येऊन पडलेल्या निर्वासितांची ती वस्ती. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं राजगोपालाचारींनीं तिला उल्हासनगर हें नांव दिलें. तेथील मालावरील 'मेड इन यू. एस. ए.' या अक्षरांचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा लोक गमतीनें लावीत. आमचा कारागीरही दांडा हातावर ठेवीत हंसून म्हणाला, "साब, यह भी यू. एस. ए. का माल है." लोक हंसत, पण त्या 'यू. एस. ए.'च्या दांड्यानें अण्णांची गाडी पुढें नऊ वर्षें चालविली.

तेव्हांपासून आमचें मत असें कीं गाडी कोठें जन्मली याहून ती बिघडल्यावर तिला उठविणारा हात किती जवळ आहे, हें अधिक महत्त्वाचें. कंपन्यांचाही भरंवसा नसतो. कल्याण-डोंबिवलीच्या बाजूसच प्रीमियर आणि फ्रान्सची प्यूजो यांनीं मिळून १९९० नंतरच्या दशकांत गाडी काढली. तो संसार थोड्याच वर्षांत मोडला. जनरल मोटर्स पुन्हां आली, २००८ सालीं तळेगांवीं कारखाना उघडला, २०१७ सालीं येथील विक्री थांबविली आणि २०२० च्या अखेरीस कारखानाही बंद केला. फोर्डनें येथें गाड्या करणें सोडण्याचें २०२१ सालीं जाहीर केलें. कंपनी जाते, गाडी मात्र गिऱ्हाइकाच्या दारांत राहते.

"पण काका, जीव सुरक्षित राहील तो परदेशीतच ना?" असें पुतण्यानें विचारलें. प्रश्न रास्त होता. २०१४ सालीं ग्लोबल एनकॅप या संस्थेनें भारतांत विकल्या जाणाऱ्या पांच लहान गाड्या भिंतीसारख्या अडथळ्यावर आदळून पाहिल्या. मोठ्यांच्या संरक्षणांत पांचही शून्यावर आल्या. त्यांत मारुति व टाटा होत्या, तशा फोर्ड आणि जर्मन फोक्सवॅगनही होत्या. फोक्सवॅगनचीच एअरबॅगवाली गाडी पुन्हां तपासली, तेव्हां तिला चार तारे मिळाले. नांव तेंच, फरक वस्तूंत. उलट २०१८ सालीं टाटांच्या नेक्सॉननें पांच तारे मिळविले. आतां २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची परीक्षाही सुरू झाली आहे. कालिदासानें 'मालविकाग्निमित्रा'च्या आरंभीं नव्याजुन्याचा वाद परीक्षेवर सोपविला आहे. देशी-परदेशीचा वादही तेथेंच सोपवावा.

म्हणून आम्हीं पुतण्यास चार प्रश्न लिहून दिले. याच गाडीला परीक्षेंत किती तारे आहेत? शहाड, उल्हासनगर, कल्याण येथें तिचा मिस्त्री आहे काय? सुटा भाग किती दिवसांत मिळतो? आणि घेतल्यानंतर पांच वर्षें तिला पोसतांना नातीच्या पुंजीस आणखी किती हात लावावा लागेल? पुतण्या आठ दिवस कागद घेऊन गॅरेजें हिंडला. पहिल्या दिवशीं चिडला होता. पुढें पुढें त्यालाच गोडी लागली.

गाडी भाद्रपदांत घरीं आली. ती रांजणगांवची कीं आणखी कोठली, हें सांगून आम्हांस कोणाची जाहिरात करावयाची नाहीं. दारीं गाडी आणूं पाहणाऱ्या वाचकांनीं नांवापूर्वीं तिचा मिस्त्री शोधावा, एवढीच विनंति. आजवर वहिनींचा एकही मंगळवार चुकलेला नाहीं.