केस नंबरामागच्या पाच मोकळ्या जागा

काही महिन्यांपूर्वी आमच्या मेडिसिन ओपीडीत छत्तीस वर्षांची एक महिला धाप लागते म्हणून आली. लहानपणी तिचे सांधे सुजले होते, पुढे हृदयाची झडप खराब झाली. दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यायला ती आमच्याकडेच येत असे. पिशवीतून तिने जुना, घड्यांवर फाटलेला केस पेपर काढला. नंबर ००४१७. निवासी डॉक्टरांनी तो संगणकात टाकला. उत्तर आले, ‘नोंद आढळली नाही’.

नवा केस पेपर काढून इंजेक्शन पुन्हा सुरू करावे, असे बोलणे चालले होते. तेवढ्यात ती म्हणाली, “साहेब, ती सुई नको. शेवटच्या वेळी अंगभर गांधी उठल्या, चक्कर येऊन पडले. मग गोळ्या दिल्या होत्या. लग्नानंतर त्याही सुटल्या. तेव्हाच्या डॉक्टरांनी संगणकात लिहून ठेवतो म्हणून सांगितलं होतं.”

पेनिसिलिनच्या ॲलर्जीत काही मिनिटांत रक्तदाब कोसळू शकतो. तिने स्वतः सांगितले म्हणून आम्ही थांबलो. पण तिची नोंद गेली कुठे?

आमच्या विभागातील जुन्या हृदयरुग्णांची यादी फॉक्सप्रोमध्ये होती. नव्वदच्या दशकात अनेक कार्यालयांत हाच प्रोग्राम असे. त्याच्या डीबीएफ फाइलमध्ये प्रत्येक रकान्याची रुंदी आधीच ठरलेली असते. केस नंबराला दहा अक्षरांची जागा दिली असेल आणि नंबर पाच आकडी असेल, तर उरलेल्या पाच जागा स्पेसने भरल्या जातात. हा वेंधळेपणा नव्हता. प्रत्येक नोंद सारख्याच लांबीची असली, की पाच हजारावी नोंद कुठे सुरू होते हे साध्या गुणाकाराने कळते आणि आधीची एकही वाचावी लागत नाही. त्या काळातल्या मंद यंत्रांसाठी ती फार हुशारीची सोय होती.

नव्या प्रणालीसाठी या फाइलचे सीएसव्ही करायचे होते, म्हणजे स्वल्पविरामांनी वेगळा केलेला साधा मजकूर. इथे रुंदी ठरलेली नसते, स्वल्पविराम आला की रकाना संपला. मग त्या भरतीच्या जागांचे काही कामच उरत नाही. पण सीएसव्हीच्या प्रचलित नियमांनुसार स्पेस हाही मजकुराचाच भाग मानतात, ती आपोआप गळत नाही. आमच्याकडे कोणीतरी ‘एसडीएफ’ हा ठरावीक रुंदीचा प्रकार निवडला आणि मध्ये स्वल्पविराम घातले. डॉक्टरांनी टाकलेली पाच अक्षरे आणि फाइलमधली दहा जुळणार कशी? खरे तर फॉक्सप्रोच्याच ‘कॉपी टू’ आदेशात ‘डिलिमिटेड’ म्हटले असते, तर मजकुरामागच्या स्पेस त्यानेच कापल्या असत्या.

चूक कळल्यावर दुरुस्तीचा उत्साह आला, आणि तोही नडला. एका फाइलमधल्या सगळ्याच स्पेस एका झटक्यात काढल्या गेल्या. नाव, वडिलांचे नाव, आडनाव यांची एकच लांबलचक साखळी झाली. दुसरी फाइल एक्सेलमध्ये उघडून जतन केली, तर ००४१७ चे नुसते ४१७ राहिले. मजकुराची मागची भरती काढायची, आकड्यांची पुढची काढायची, मधल्या स्पेसला हात लावायचा नाही आणि केस नंबर हा आकडा नसून मजकूर आहे हे संगणकाला बजावून सांगायचे, एवढेच खरे तर करायचे असते.

डॉक्टर म्हणून मला रिकाम्या आकडी रकान्याची जास्त धास्ती वाटते. हिमोग्लोबिन तपासलेच नसेल तर तिथे नुसत्या स्पेस असतात. फॉक्सप्रो हिशेबात त्यांना शून्य धरतो. रूपांतरात तेच शून्य उतरले, तर न झालेली तपासणी झालेली दिसते आणि सरासरी कोसळते. खोडलेल्या नोंदींचेही असेच. डीबीएफमध्ये ‘डिलीट’ केले की नोंद जात नाही, तिच्या पहिल्या जागी फक्त एक फुली पडते. ती न पाहता फाइल उतरवली, तर दुबार म्हणून काढलेले रुग्ण परत यादीत येतात.

हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ बाधितांची नोंद अशीच गळाल्याचे उघड झाले. प्रयोगशाळांच्या सीएसव्ही फाइल एक्सेलच्या जुन्या प्रकारात भरल्या जात होत्या आणि त्यात ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नसते. रुग्णांना त्यांचे अहवाल मिळाले होते, पण त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोध लांबला.

आमच्या यादीतल्या स्पेस नीट काढल्यावर ००४१७ सापडला. नाव, वय, झडपेचा आजार, सगळे होते. ॲलर्जीचा मात्र उल्लेख नव्हता! दीर्घ शेरे फॉक्सप्रो ‘मेमो’ म्हणून शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो, मूळ नोंदीत फक्त त्यांचा ठावठिकाणा असतो. ‘कॉपी टू’ने मजकूर उतरवताना मेमो वगळले जातात. आमच्या तांत्रिक सहायकांनी रेकॉर्ड सेक्शनमधला जुना संगणक सुरू करून ती फाइल उघडली. दोनच ओळींचा शेरा होता: पेनिसिलिननंतर अंगावर गांधी, चक्कर, पुन्हा देऊ नये.

तिला आता एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या सुरू आहेत आणि नव्या केस पेपरवर सिस्टरांनी लाल शाईने ॲलर्जी लिहिली आहे. तुमच्याकडे जुने केस पेपर असतील तर टाकू नका, आणि एखादे औषध कधी बाधले असेल तर संगणकात असेलच असे न समजता दर वेळी सांगा. आमचा तो जुना संगणक भंगारात काढायचा प्रस्ताव मी तूर्त परत पाठवला आहे. मेमोच्या फाइलमधले बरेच शेरे अजून उतरवायचे आहेत.