जुन्या स्पोर्ट्‌स मोटारीची पारख

खामगावच्या बाजारात चांदी घ्यावयास गेलेला मनुष्य तिच्या नुसत्या चकाकीवर भाळून पैसे मोजीत नाही. तो कस पाहतो, वजन पाहतो, आणि मगच खिशात हात घालतो. बैलबाजारात गेलेला शेतकरी तर याहूनही चिकित्सक. तो जनावराचे दात मोजतो, खूर उचलून पाहतो, त्याला चालवून पाहतो, आणि शक्य झाल्यास ओझ्याला जुंपूनही पाहतो. परंतु हीच शहाणी माणसे जुनी मोटार घेण्याच्या प्रसंगी आपले शहाणपण घरी ठेवून जातात. आणि ती मोटार बुटकी, रुंद बांध्याची, गुरगुरणारी स्पोर्ट्‌स मोटार असली, तर मग विचारावयासच नको. रंग डोळ्यांत भरतो, आवाज कानांत भरतो, आणि अनेक वर्षांची साठवण एका संध्याकाळी दुसऱ्याच्या हाती जाते.

बुलढाणा जिल्ह्यात हा मोह अलीकडे वाढण्यास एक कारण आहे. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग मेहकर आणि सिंदखेडराजा या भागांतून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि जून २०२५ मध्ये संपूर्ण मार्ग पुरा झाला. त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरांची मर्यादा आहे. असा सरळ रस्ता दाराशी आल्यावर वेगवान मोटारीची इच्छा होणे हा काही गुन्हा नव्हे. तथापि १ जुलै २०२३ च्या पहाटे याच मार्गावर, सिंदखेडराजाजवळ, प्रवासी बसच्या अपघातात २५ माणसे दगावली, हेही विसरता येत नाही. अशा वेगात यंत्राचा लहानसा दोषही मनुष्याला सावरावयास वेळ देत नाही. म्हणून जुन्या वेगवान मोटारीची पारख हा केवळ पैशाचा प्रश्न नाही.

मोटार आज सुरू होते की नाही, एवढ्यावरून तिच्या भरवशाची परीक्षा होत नाही. आणखी पाच वर्षांनी ती कोणत्या अवस्थेत असेल, आणि त्या पाच वर्षांत ती किती खर्च मागेल, हा खरा प्रश्न होय. येथे एक साधे तत्त्व ध्यानात ठेवावे. मोटार जुनी झाली म्हणजे तिची किंमत उतरते, परंतु तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. साठ लाखांची मोटार दहा वर्षांनी पंधरा लाखांस मिळाली, तरी तिचे ब्रेक, क्लच आणि दिवे साठ लाखांच्या मोटारीचेच राहतात. विकत घेणाऱ्याची ऐपत पंधरा लाखांची आणि मोटारीची भूक साठ लाखांची, असा हा संसार होतो. आणि पुष्कळ जुन्या स्पोर्ट्‌स मोटारी कुठल्यातरी पत्र्याच्या छपराखाली धूळ खात पडतात, त्याचे कारण बहुधा हेच असते.

म्हणून पहिली परीक्षा मोटारीच्या जातीची. याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. सॅन स्टॉर्म नावाची छोटी दोन आसनी मोटार गोव्यात तयार होत असे. तिचे कवच फायबरग्लासचे आणि इंजिन रेनो कंपनीचे, सुमारे १.२ लिटरचे. हे इंजिन साधे असल्यामुळे एखादा जाणता मिस्त्री ते सांभाळू शकेल. परंतु तिची काच किंवा कवचाचा तुकडा फुटला, तर बंद पडलेल्या उत्पादनाचा भाग कोठून आणावयाचा? कवच गंजत नाही हे खरे, पण त्याखालची पोलादी चौकट गंजते आणि वरून दिसतही नाही. डीसी अवंती ही दुसरी देशी मोटार २०१२ साली दिल्लीच्या प्रदर्शनात मांडली गेली. तिचे इंजिनही रेनोचेच होते. तिच्याही बाबतीत इंजिनापेक्षा तिच्या खास अंगांचा प्रश्न अधिक कठीण आहे.

परदेशी मोटारींत दोष निराळे असतात. पोर्शे बॉक्स्टर आणि केमन यांच्या २००८ पर्यंतच्या इंजिनांत आतल्या मधल्या दांड्याचे एक बेअरिंग असे. ते निकामी झाले तर सबंध इंजिन नष्ट होऊ शकते. २००९ च्या नमुन्यापासून आलेल्या नव्या इंजिनात तो दांडाच राहिला नाही. म्हणजे एकाच नावाच्या, वर्षभराच्या अंतराच्या दोन मोटारींत भरवशाच्या दृष्टीने मोठे अंतर पडते. तेव्हा नाव आणि रूप पाहून न थांबता कोणत्या वर्षाचे कोणते इंजिन, आणि त्या इंजिनाचा ठाऊक असलेला दोष कोणता, एवढे मोटार पाहण्यापूर्वीच शोधून ठेवावे. दोष असणे हे मोटार नाकारण्यास पुरेसे कारण नव्हे. तो दुरुस्त केल्याची पावती दाखविता येते की नाही, ते पाहावे.

दुसरी परीक्षा कागदांची. इंजिनाचा आणि चासीचा क्रमांक नोंदणीपत्रावर वाचून भागत नाही. तो मोटारीवर कोरलेला स्वतः पाहावा आणि अक्षराला अक्षर जुळवून घ्यावा. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी डीसी अवंतीच्या संदर्भात एक प्रकरण उघड केले. एकाच क्रमांकावर एकाहून अधिक नोंदण्या आणि कर्जे झाल्याचा आरोप त्यात होता. या एका बातमीने कागद आणि लोखंड जुळविण्याचे महत्त्व पटावे. मोटारीवर कर्ज असल्यास ते फिटल्याची नोंद, म्हणजे नमुना ३५, हवी. परजिल्ह्यातील अथवा परराज्यातील मोटारीस ना-हरकत दाखला, म्हणजे नमुना २८, लागतो. मालकी बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावे, असा १९८८ च्या कायद्याचा दंडक आहे. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणून चौदा वर्षांची मोटार घेणाराने पुढच्या तपासणीचा खर्चही हिशेबात धरावा.

तिसरी परीक्षा अंगाची. वेगवान मोटार बहुधा वेगाने चालविलेली असते; ती कधी आदळली होती काय, हे पाहणे अगत्याचे. रंगाची जाडी मोजण्याचे एक छोटे यंत्र मिळते. कारखान्यातील मूळ रंग बहुधा १०० ते १५० मायक्रॉन भरतो; एका दारावर त्याच्या दुप्पट तिप्पट आकडा आला, तर ते दार पुन्हा रंगविलेले आहे असे समजावे. दारांच्या फटी सारख्या आहेत का, बॉनेटखालच्या नटांवर पान्याचे ओरखडे आहेत का, हेही बोलके साक्षीदार आहेत. पुरात बुडालेली मोटार ओळखणे त्याहून महत्त्वाचे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. अशी मोटार धुऊनपुसून दूरच्या गावी स्वस्तात विकली जाऊ शकते. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा, गालिचा उचलावा, आसनाखालचे बोल्ट बघावेत. तेथे चिखलाची रेघ किंवा गंज दिसला, तर सौदा तेथेच संपवावा. कारण विजेच्या तारांत शिरलेले पाणी वर्षानुवर्षे छळीत राहते.

चौथी परीक्षा इंजिनाची, आणि ती थंड इंजिनावरच करावी. विकणाराने मोटार आधीच तापवून ठेवली असेल, तर त्याचा हेतू शोधावा. बॉनेटवर हात ठेवला की हे कळते. पहिल्या सुरुवातीस निळा धूर आला तर इंजिन तेल जाळीत आहे. पांढरा धूर थांबेचना आणि त्यास गोडसर वास असला तर थंडावणारे पाणी आत झिरपत आहे. काळा धूर पेट्रोलच्या अतिरेकाचा. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय जमलेली असल्यास तेलात पाणी मिसळल्याची शंका घ्यावी. त्यानंतर प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. आकडा किती यापेक्षा सर्व सिलिंडरांचे आकडे एकमेकांशी जुळतात का, याला अधिक किंमत आहे; त्यांत शेकडा दहा पंधराहून अधिक फरक असणे बरे नव्हे. मोटारीच्या संगणकास तपासणीचे यंत्र जोडून दोषांच्या नोंदी वाचाव्यात. आणि त्या सर्व नुकत्याच पुसलेल्या दिसल्या, तर ते निर्दोषपणाचे चिन्ह न मानता लपवाछपवीचे मानावे. शक्ती वाढविण्यासाठी मूळ रचनेत फेरफार केलेले इंजिन तरुणांस फार आवडते, परंतु त्याच्या आयुष्याची हमी कोणीच देऊ शकत नाही.

थंडावण्याच्या व्यवस्थेकडे या जिल्ह्यात विशेष लक्ष द्यावे. मलकापूर आणि खामगावचा उन्हाळा कोणास सांगावयास नको. त्यातून पूर्णेच्या खोऱ्यात, शेगाव, संग्रामपूर आणि जळगाव जामोद या बाजूस, खारपाणपट्टा आहे. तेथील विहिरीचे खारे पाणी एखाद्या घाईच्या दिवशी रेडिएटरमध्ये ओतले गेले असेल, तर त्यातील क्षार ॲल्युमिनियमला खातात आणि बारीक नळ्यांत साचतात. टाकीतील द्रव स्वच्छ आणि रंगीत असावा. तो तांबूस, गढूळ किंवा साधे पाणीच असेल तर तो मोठा इशारा होय. खरी कसोटी मात्र रस्त्यावर होते. मलकापूरकडून बुलढाण्यास चढणारा राजूर घाट त्यासाठी उत्तम आहे. भर दुपारी घाट चढून गेल्यावर उष्णतामापकाचा काटा स्थिर राहिला आणि माथ्यावर मोटार पाच मिनिटे उभी ठेवूनही तो वर सरकला नाही, तर समाधान मानण्यास हरकत नाही. घाट चढताना क्लच घसरून इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच संपत आला आहे. उतरताना ब्रेकचा पाय थरथरला तर चकत्या वाकड्या झाल्या आहेत. दुहेरी क्लचच्या स्वयंचलित गिअरपेटीत धक्के जाणवले, तर तिच्या तेलबदलाची नोंद मागावी.

काळ्या जमिनीवरील रस्ते पावसाळ्यानंतर लाटांसारखे होतात. बुटक्या मोटारीचे पोट त्यावर घासते आणि तिचे रबरी सांधे लवकर झिजतात. म्हणून मोटार एकदा वर उचलून खालून पाहिलीच पाहिजे. टायरच्या कडेवर चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढले दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी दिसली तरी म्हातारे रबर भरधाव वेगात दगा देते.

कमी किलोमीटर चाललेली मोटार चांगलीच, हा समज पुष्कळदा फसवितो. बारा वर्षांत बारा हजार किलोमीटर चाललेली मोटार म्हणजे बहुतेक काळ उभी असलेली मोटार. उभ्या मोटारीचे रबर वाळते, चकत्या गंजतात, उंदीर तारा कुरतडतात. शिवाय २०२५ पर्यंत देशातील पेट्रोलमध्ये सुमारे वीस टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, आणि त्यासाठी न बनविलेल्या जुन्या नळ्यांस व जोडांस ते मानवत नाही. नियमाने चाललेली, वेळेवर तेल बदललेली, ऐंशी हजार किलोमीटरांची मोटार अशा निद्रिस्त मोटारीपेक्षा अनेकदा अधिक भरवशाची ठरते.

शेवटची परीक्षा मोटारीची नसून मालकाची आहे. बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगर सुमारे दीडशे किलोमीटर, आणि नागपूर त्याच्या दुपटीहून दूर. मोटार मेहकरजवळ बंद पडली तर तिला कोण उचलून नेणार, कोण उघडणार, आणि भाग येईपर्यंत घरची कामे कशी चालणार, याचे उत्तर आधी असावे. किमतीचा निदान पाचवा हिस्सा पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूस ठेवता येत नसेल, तर ती मोटार परवडत नाही असेच समजावे. तपासणीसाठी विकणाराशी संबंध नसलेला मिस्त्री स्वतः पैसे देऊन न्यावा. काही हजारांचा हा खर्च अनेकांना जड वाटतो. परंतु काही लाखांच्या चुकीपुढे तो क्षुल्लक आहे.

आणि एवढे करून मन साशंक राहिले, तर परत फिरण्यात कमीपणा नाही. दात पाहून, चालवून पाहून, ओझ्याला जुंपून पाहिल्यावर मनास न पटलेला बैल सोडून रिकाम्या हाताने घरी परतणाऱ्या शेतकऱ्यास गावात कोणी हसत नाही. त्याची साठवण शाबूत असते, आणि पुढचा बाजार काही दूर नसतो.