मुंबईचा संघ आणि खान्देशची टाळी

२३ ऑगस्ट २०१५ हा नागपंचमीनंतरचा रविवार होता. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत हा दिवस कानबाईचा असतो. सुरतेला, मुंबईला, पुण्याला पोटासाठी गेलेली माणसे त्या दिवशी गावी परततात, विखुरलेली भावकी एका चुलीवर रोट शिजविते आणि रात्रभर देवीपुढे जागरण चालते. योगायोग असा, की त्याच रात्री मुंबईत वरळीच्या बंदिस्त क्रीडागृहात प्रो कबड्डी लीगच्या दुसऱ्या हंगामाचा अंतिम सामना होता. जेमतेम एक वर्ष वयाच्या यू मुंबा या संघाने बंगळूरू बुल्सचा ३६-३० असा पराभव करून विजेतेपद मिळविले. मुंबईच्या पाहुण्यांबरोबर गावात आलेल्या गप्पांत त्या वर्षी अनुपकुमारचे नाव आले, ते पुढे बरीच वर्षे टिकले.

या उत्साहात नवल वाटावे असे बरेच काही आहे. संघ मुंबईचा, मालक चित्रपट व दूरचित्रवाणीच्या व्यवसायातून पुढे आलेले रॉनी स्क्रूवाला, कर्णधार हरियाणाचा, प्रशिक्षक भास्करन केरळचे. रिशांक देवाडिगा, विशाल माने ही मंडळी मुंबईच्या मैदानांवर वाढलेली. पण त्या मैदानांशीही तापी-गिरणेच्या काठच्या माणसाचा काही संबंध नव्हता. तरीही चाळीसगाव, अमळनेर, शिरपूर, साक्री या पट्ट्यातल्या तरुणांनी हा संघ आपला मानला. एवढेच नव्हे, तर वयस्कर माणसांनीही मानला, आणि ही गोष्ट अधिक लक्षात घेण्यासारखी आहे. क्रिकेटच्या सामन्याला घरातल्या आजोबांचा प्रतिसाद बहुधा ‘किती झाले?’ एवढ्यापुरता असतो. हुतूतूच्या बाबतीत मात्र ते स्वतःच पंच होतात. कोपऱ्यावरच्या गड्याने पायात सूर मारण्याची घाई केली, हे त्यांना समालोचकाच्या आधी कळते.

मुळात हा खेळ महाराष्ट्राला नवा नव्हताच. त्याच्या नियमांना शिस्त लावण्याचे काम विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत महाराष्ट्रातच झाले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी त्याचे प्रात्यक्षिक दाखविले. शंकरराव तथा बुवा साळवी यांनी त्याच्या संघटनेसाठी आयुष्य वेचले. १९९० पासून आशियाई स्पर्धांत भारताचे सुवर्णपदक जवळजवळ गृहीतच धरले जाई. २०१८ साली जाकार्ता येथे इराणने उपांत्य फेरीत हरविले तेव्हा ते गृहीत मोडले. म्हणजे खेळ होता, परंपरा होती, पदकेही होती. नव्हता तो प्रेक्षक. किंवा प्रेक्षक होता, पण तो खर्च करण्याजोगा ग्राहक आहे असे कुणाला वाटत नव्हते.

२६ जुलै २०१४ रोजी लीगचा पहिला सामना झाला, तेव्हा या धाडसाकडे जाणकारही काहीशा साशंकतेने पाहत होते. पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेल्या राकेशकुमारची किंमत १२ लाख ८० हजार रुपये होती. क्रिकेटच्या मानाने ही रक्कम चहापाण्याची. पण त्या सलामीच्या सामन्यात यू मुंबाने जयपूर पिंक पँथर्सला ४५-३१ असे नमविले, आणि पाच आठवड्यांनी अंतिम सामन्यात त्याच जयपूरकडून २४-३५ अशी हार पत्करली. गणेशोत्सवाचा तिसरा दिवस होता तो. पहिल्या हंगामाला ४३ कोटी ५० लाख प्रेक्षक लाभल्याचा प्रक्षेपण कंपनीचा दावा होता. असे आकडे मोजणारेच विकणारेही असतात, हे ध्यानात ठेवूनही एवढे म्हणता येईल, की क्रिकेटखालोखाल देशात दुसरा खेळ पाहिला जाऊ शकतो, ही गोष्ट त्या पावसाळ्यात सिद्ध झाली. पुढच्या हंगामात यू मुंबाने साखळीतल्या १४ सामन्यांपैकी १२ जिंकले, आणि तिसऱ्यात पुन्हा अंतिम फेरी गाठून पाटणा पायरेट्सकडून २८-३१ अशी निसटती हार घेतली. तीन हंगाम, तीन अंतिम सामने. नव्या संघाच्या नशिबी असे सातत्य क्वचितच येते.

या यशाच्या मुळाशी अनुपकुमारचा खेळ होता, आणि खान्देशी प्रेक्षकाला तो का रुचला याचाही विचार करण्यासारखा आहे. हा गडी आक्रस्ताळा नव्हता. चढाईला जाई तो फिरायला निघाल्यासारखा. बोनस रेषेवर पाऊल टेकवून परते तेव्हा चेहऱ्यावर घाम सोडून दुसरे काही दिसत नसे. समोर हरियाणाचे आडदांड बचावपटू आणि हा मात्र हिशेब करून एक-एक गुण वेचणारा. कापूस एक-एक बोंड करून वेचावा लागतो, हे ठाऊक असलेल्या मुलुखाला या वृत्तीची ओळख पटली असेल तर आश्चर्य नाही.

अर्थात दूरचित्रवाणीने खेळाचे बरेच काही बदलले. मातीची जागा मॅटने घेतली, अनवाणी पाय बुटात गेले. चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आली आणि लागोपाठ दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी ‘करा किंवा मरा’ अशी ठरली. त्यामुळे वेळकाढूपणा संपला, हे निर्विवाद. पण जुन्या हुतूतूचा प्राण दमात होता. पंचाचा कान चढाईपटूच्या तोंडाशी लागलेला असे. घुमणे तुटले की गडी बाद. आजही ‘कबड्डी, कबड्डी’ हा उच्चार नियमाने आवश्यकच आहे, परंतु प्रेक्षकाचे लक्ष छातीतल्या श्वासावरून भिंतीवरच्या घड्याळावर गेले. ज्यांनी गावाच्या पटांगणात फक्कीने आखलेल्या रेषांत हा खेळ खेळला, त्यांना ही हानी जाणवते. ज्यांनी तो प्रथम पडद्यावर पाहिला, त्यांना ती हानी आहे हेच कळत नाही.

आता प्रश्न निष्ठेचा. खान्देशचा माणूस कोणाचा? पोटापाण्याची वाट एकीकडे मुंबईला जाते, शिक्षणाची पुण्याला आणि तिसरी, कदाचित सर्वांत रुळलेली, सुरतेला. उधना-लिंबायतच्या वस्त्यांत जळगाव, धुळे, नंदुरबारची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. २०१७ साली गुजरातचा नवा संघ लीगमध्ये आला आणि त्याने पदार्पणातच अंतिम फेरी गाठली. पाटण्याकडून ३८-५५ असा हरला, पुढच्या हंगामात पुन्हा अंतिम फेरीत येऊन बंगळूरूकडून ३३-३८ असा हरला. मोठा भाऊ सुरतेत यंत्रमागावर, धाकटा पुण्यात स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला आणि वडील गावी केळीच्या बागेत, अशा घरात कोणता संघ आपला म्हणायचा? कानबाईला सारे एकत्र आले म्हणजे या वादाला तोंड फुटते, आणि तो वाद फार गोड असतो. शेवटी तिघेही आपापल्या मुक्कामाच्या शहराची बाजू घेतात. ज्या गावात बसून भांडतात, त्या गावाची बाजू घ्यायला संघच नसतो.

परदेशातला एक दाखला येथे उपयोगी पडेल. अमेरिकेतल्या लास व्हेगस या वाळवंटी शहरात २०१७ साली बर्फावरील हॉकीचा एक व्यावसायिक संघ नव्याने उभा राहिला. इतर संघांनी सोडलेले खेळाडू घेऊन बनलेला तो संघ पहिल्याच वर्षी अंतिम फेरीत पोहोचला आणि २०२३ साली विजेताही झाला. पण तेथील लोकांचा जिव्हाळा केवळ यशातून आला नव्हता. हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर, १ ऑक्टोबर २०१७ रोजी त्या शहरात भीषण गोळीबार झाला आणि दहाच दिवसांत घरच्या मैदानावरील पहिला सामना खेळणारा हा संघ शोकाकुल नागरिकांसमोर उभा राहिला. संघ आणि गाव यांची गाठ तेथे प्रत्यक्ष पडली. खान्देशात ती पडली नाही. वरळीचे क्रीडागृह जळगावपासून रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर आहे, बालेवाडी त्याहून जवळ नाही. आणि सामान्य लिपिकाला वा शिक्षकाला तेवढ्यासाठी रजा टाकणे परवडत नाही. ही गाठ पडद्यावरची आहे, म्हणून ती खोटी ठरत नाही, पण एकतर्फी मात्र ठरते.

गावाशी प्रत्यक्ष गाठ कशी असते, हे याच मुलुखाने त्याच वर्षांत अनुभवले होते. चाळीसगाव तालुक्यातील सायगावचा विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असा सलग तीन वर्षांचा महाराष्ट्र केसरी झाला. त्याच्या मागे कंपनी नव्हती, लिलाव नव्हता. तालीम होती आणि गाव होते. पैलवान हरला तरी गावचाच राहतो. संघाचा खेळाडू तसा राहत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाईने २०१८ च्या हंगामात यू मुंबासाठी धडाक्याने गुण मिळविले आणि पुढच्याच लिलावात १ कोटी ४५ लाखांना तो तेलुगू टायटन्सकडे गेला. त्याला दोष देण्याचे कारण नाही. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाने चांगला भाव आलेला असताना तो नाकारावा, असे सांगण्याचा अधिकार कोणाला? सांगलीचा काशिलिंग आडके दिल्लीकडून खेळला, तेव्हाही सांगलीने टाळ्या वाजवल्याच. खुद्द अनुपकुमार निवृत्तीनंतर पुणेरी पलटणचा प्रशिक्षक झाला. मुंबईच्या चाहत्यांनी हे कसे पचविले असेल, ते त्यांनाच ठाऊक.

त्या पुणेरी पलटणची कथा मुंबईच्या नेमकी उलट आहे. पहिल्या दोन्ही हंगामांत हा संघ तळाशी होता. पुढे प्रशिक्षक बदलले, ओळखीची नावे गोळा करण्यापेक्षा तरुण मुले घडविण्याकडे लक्ष गेले. २०२२ मध्ये अंतिम फेरी गाठली आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून विजेतेपद मिळविले. पंकज मोहितेच्या चढायांनी तो सामना फिरविला. कर्णधार होता तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार. संघात नाशिकचा आकाश शिंदेही होता. म्हणजे मुंबई-पुण्याबाहेरच्या मुलाला आता दार उघडे आहे. ते दार नाशिकपर्यंत आले आहे. मनमाड ओलांडून पुढे येणे तेवढे राहिले आहे.

ते का राहिले, याचे उत्तर टाळ्यांत सापडणार नाही. खान्देशात शालेय कबड्डी पावसाळ्यात सुरू होते. तालुक्याच्या स्पर्धा, मग जिल्ह्याच्या. मुले मातीत शिकतात आणि वरच्या पातळीवर मॅटवर खेळतात. मॅटवर पाय वेगळा पडतो, घसरण वेगळी, सूर वेगळा. ज्या मुलाने तो स्पर्श प्रथम निवड चाचणीच्या दिवशीच अनुभवला, तो तेथेच मागे पडतो. त्यात शिकविणारा माणूसही कमी होत चालला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असली तरच शारीरिक शिक्षणासाठी निदेशक दिला, आणि तोही अंशकालीन. धडगाव-अक्कलकुव्यासारख्या डोंगरी तालुक्यांत, किंवा शिरपूर-चोपड्याच्या सातपुड्यालगतच्या पाड्यांत, जेथे मुलांच्या पायांत धाव उपजत आहे, तेथे पटसंख्येचा हा निकष पुरा व्हावा कसा? शिट्टी मग गणिताच्या नाहीतर भूगोलाच्या मास्तरांच्या गळ्यात पडते, आणि ते बिचारे पडद्यावर पाहिलेले नियम मुलांना सांगतात. सरकारी नोकऱ्यांतील खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाने पालकांचा विरोध थोडा मावळला, हे मान्य केले पाहिजे. पण त्यामुळे कित्येक ठिकाणी खेळापेक्षा प्रमाणपत्राची चौकशी आधी होऊ लागली.

मुलींची स्थिती याहून वेगळी आहे, आणि काही बाबतींत अधिक बोलकी. २०१२ साली पाटण्यात महिलांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला तेव्हा त्या संघात महाराष्ट्राच्या दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे होत्या. चार वर्षांनी, २०१६ मध्ये, लीगच्या संयोजकांनी पुरुषांच्या हंगामाबरोबर महिलांचे सामनेही योजले. संघ तीनच होते: आईस दिवाज, फायर बर्ड्स, स्टॉर्म क्वीन्स. अंतिम सामना २४-२३ असा, अवघ्या एका गुणाने लागला. खेळात काही उणे नव्हते. पण या संघांना मुंबई नव्हती, पुणे नव्हते, पाटणा नव्हते. इंग्रजी नावांखाली गावच नव्हते. टाळी वाजवायची ती कोणासाठी, हे प्रेक्षकाला सांगितलेच गेले नाही आणि पुढच्या वर्षी लीगने तो प्रयोग पुन्हा केला नाही. दरवर्षी तालुक्याच्या मैदानावर मात्र मुलींचे संघ उतरतात. त्यांच्या बनियनवर शाळेचे आणि गावाचे नाव रंगविलेले असते.