भीती किरणांची, चटका वाफेचा

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात उष्णता पसरण्याचे तीन प्रकार असतात: वहन, अभिसरण आणि प्रारण. गरम आमटीत बुडवलेल्या पळीचा दांडा तापतो ते वहन, पातेल्यातलं पाणी खाली-वर फिरत तापतं ते अभिसरण, आणि गच्चीवर वाळत घातलेल्या सांडग्यांना ऊन लागतं ते प्रारण. इंग्रजीत या तिसऱ्याला 'रेडिएशन' म्हणतात. परीक्षेत ही तिन्ही नावं बिनचूक लिहिणारा मुलगा मोठा होऊन घरात मायक्रोवेव्ह आणतो, तेव्हा मात्र त्याच 'रेडिएशन'मुळे त्याच्या डोळ्यांसमोर चेर्नोबिल उभं राहतं. याला आपल्या वर्तमानपत्री मराठीचाही हातभार आहे. मराठी विश्वकोशात 'किरणोत्सर्ग' हा शब्द युरेनियम, रेडियम अशा मूलद्रव्यांच्या गुणधर्मासाठी येतो. बातम्यांत तोच शब्द मोबाईलचा टॉवर, एक्स-रे आणि ओट्यावरचा ओव्हन यांना सरसकट चिकटवला जातो. मायक्रोवेव्हविषयीच्या निम्म्या गैरसमजांचं मूळ या एका शब्दात आहे, असं माझं मत आहे. त्यात नुकसान असं, की न दिसणाऱ्या किरणांना घाबरणारा माणूस दिसणाऱ्या, हाताला लागणाऱ्या उष्णतेबाबत गाफील राहतो. मायक्रोवेव्हचे खरे धोके जवळजवळ सगळे उष्णतेचे आहेत, म्हणजे चुलीपासून आपल्या ओळखीचे.

आधी किरणांचा हिशेब करू. घरगुती ओव्हनमधल्या लहरींची वारंवारता २,४५० मेगाहर्ट्झ असते आणि लांबी सुमारे १२ सेंटीमीटर. प्रारण कितीही तीव्र असो, रेणूमधला इलेक्ट्रॉन उखडून काढायचा तर त्याच्या एकेका कणात, म्हणजे फोटॉनमध्ये, पुरेशी ऊर्जा लागते. एक्स-रेच्या फोटॉनमध्ये ती असते. साध्या तांबड्या प्रकाशाच्या फोटॉनमध्ये ती नसते, आणि मायक्रोवेव्हच्या फोटॉनपेक्षा तांबड्या प्रकाशाचा फोटॉन दीड लाखांहून अधिक पट ऊर्जावान असतो. गॅसच्या शेगडीतून हाताला लागणारी धगसुद्धा प्रारणच, आणि तिचेही फोटॉन मायक्रोवेव्हच्या फोटॉनपेक्षा हजारो पट जोरकस. मायक्रोवेव्हच्या लहरी पाण्याच्या रेणूंना हलवतात, त्या हलण्यातून उष्णता तयार होते, आणि तेवढंच होतं. 'लहरी अन्नात साठून राहतात' या समजाला त्यामुळे कुठेच जागा उरत नाही. लहरी तयार करणाऱ्या मॅग्नेट्रॉनचा वीजपुरवठा तुटताक्षणी त्या संपतात. नंतर ताटलीत उरतं ते गरम अन्न.

मग व्हॉट्सअपवर फिरणारं 'स्विस शास्त्रज्ञाने सिद्ध केलं' हे काय प्रकरण आहे? त्यामागे एक खरी गोष्ट आहे आणि ती मुळातून वाचण्यासारखी आहे. हान्स हेर्टेल नावाच्या स्विस संशोधकाने एका प्राध्यापकाबरोबर मायक्रोवेव्हमधल्या अन्नाचा रक्तावर होणारा परिणाम तपासला. तपासलेली माणसं आठ, आणि त्यांत हेर्टेल स्वतः एक. १९९२ मध्ये एका स्विस नियतकालिकाने हा मजकूर ओव्हनकडे हात पसरणाऱ्या यमदूताच्या चित्रासह छापला. सहकारी प्राध्यापकाने हेर्टेल यांच्या निष्कर्षांपासून स्वतःला वेगळं केलं. घरगुती उपकरणं बनवणाऱ्यांची संघटना कोर्टात गेली आणि हेर्टेल यांच्यावर असं जाहीर बोलण्याची बंदी आली. पुढे १९९८ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ही बंदी अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग असल्याचा निकाल दिला. माझ्या मते तो निकाल योग्यच होता. पण 'या माणसाला बोलू द्या' असा निकाल 'या माणसाचं म्हणणं खरं ठरलं' असा वाचला गेला, आणि तसाच अजून पुढे ढकलला जातो आहे. त्याच संदेशात बहुधा सोव्हिएत संघाने १९७६ मध्ये मायक्रोवेव्हवर बंदी घातल्याचंही एक वाक्य असतं. १९८० च्या दशकात तिथे देशी बनावटीचे मायक्रोवेव्ह ओव्हन तयार होत होते, हे मात्र त्यात नसतं.

जीवनसत्त्वांचा आक्षेप याहून विचार करण्याजोगा आहे, कारण त्यात अर्धं सत्य आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्पॅनिश अभ्यासात मायक्रोवेव्हमध्ये शिजवलेल्या ब्रोकोलीतली ९७ टक्के फ्लॅव्होनॉइड्स (वनस्पतींतली अँटिऑक्सिडंट द्रव्यं) गेल्याचं आढळलं, आणि हा आकडा जगभर गाजला. पण ती ब्रोकोली भरपूर पाण्यात शिजवली होती. पाण्यात विरघळणारी द्रव्यं पाण्यात गेली, जशी ती पालेभाजी उकडून वरचं पाणी मोरीत ओतल्यावर जातात. क जीवनसत्त्व आणि फोलेट किती टिकणार हे पाणी किती, वेळ किती आणि तापमान किती यांवर ठरतं. उष्णता कुठून आली यावर नाही. दोन चमचे पाणी शिंपडून, झाकण ठेवून चार मिनिटांत शिजवलेली फरसबी या हिशेबात पाण्यात तासभर रटरटलेल्या फरसबीपेक्षा सरस ठरते.

राहता राहिली गळती. 'लहरी बाहेर येतच नाहीत' असं काही विक्रेते छातीठोकपणे सांगतात. तेही खरं नाही. ओव्हन चालू असताना वाय-फाय अडखळतं, ब्लूटूथवरचं गाणं तुटतं, त्या अर्थी काहीतरी बाहेर येतं. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स इथल्या ६४ मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीवर १९९८ पासून अधूनमधून काही गूढ स्पंदनं नोंदली जात होती. २०१५ मध्ये त्यांचा उगम सापडला: वेळ संपण्याआधीच वेधशाळेतल्या मायक्रोवेव्हचं दार कुणीतरी उघडत होतं, आणि मॅग्नेट्रॉन बंद होतानाची क्षणभराची लहर निसटत होती. प्रश्न किती निसटते याचा आहे. वाय-फायचा राउटर साधारण दशांश वॅट एवढ्या शक्तीने बोलतो आणि आपला फोन त्यातला अब्जांश वॅटहूनही क्षीण भाग ऐकून काम भागवतो. एवढ्या तिखट कानाच्या यंत्राला त्रास झाला, यावरून कातडीला इजा होईल असा निष्कर्ष निघत नाही. अमेरिकेत १९७१ पासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे ओव्हनपासून ५ सेंटीमीटरवर, त्याच्या उभ्या आयुष्यात कधीही, दर चौरस सेंटीमीटरला ५ मिलिवॅटपेक्षा जास्त गळती चालत नाही, आणि आंतरराष्ट्रीय मानकातली मर्यादाही तीच आहे. भर दुपारचं ऊन अंगावर याच्या वीसपट ऊर्जा ओततं. ओट्यापासून दोन पावलं मागे सरलं की ही गळती आणखी झपाट्याने विरते. काचेमागच्या जाळीची भोकं मिलिमीटर-दोन मिलिमीटरची असतात, त्यामुळे १२ सेंटीमीटरची लहर त्यांतून जात नाही. फोन ओव्हनमध्ये ठेवून रिंग वाजते का बघण्याची 'चाचणी' मात्र निरुपयोगी आहे, कारण फोन वेगळ्या वारंवारतांवरही बोलतो आणि क्षीण संदेश ऐकण्यासाठीच तो घडवलेला असतो. तपासायचं ते दार: बिजागरी सैल झाली आहे का, कडेला पोचा आला आहे का, काच तडकली आहे का, दार आणि चौकट यांच्यामध्ये वाळलेल्या रश्शाचा थर बसला आहे का. यांपैकी दाराचं नुकसान असेल तर ओव्हन वापरू नये. इथे भीती रास्त आहे.

आता उष्णतेकडे येऊ. 'मायक्रोवेव्ह आतून बाहेर शिजवतो' हे वाक्य इतकं रुजलं आहे की पाककृतींच्या पुस्तकांतही सापडतं. प्रत्यक्षात लहरी अन्नात साधारण १ ते ३ सेंटीमीटर शिरतात. त्यापुढची वाटचाल जुन्या वहनानेच होते. आतून तापल्याचा भास का होतो? ओल्या नारळाची करंजी गरम करून बघा. कोरडी पारी जेमतेम कोमट लागते आणि आतलं ओलं, गोड सारण जीभ पोळतं, कारण लहरी ओलाव्यात अधिक शोषल्या जातात. शिवाय ओव्हनच्या पोकळीत लहरी भिंतींवरून उलटून एकमेकींत मिसळतात आणि काही जागा तप्त, काही थंड राहतात. फिरती काच आणि तिच्याखालचं चक्र काढून, एका सपाट काचेच्या ताटलीत उडदाचे पापड शेजारी शेजारी मांडून काही सेकंद तापवले, तर एकाच पापडावर इथे पांढरा फुगलेला डाग आणि बोटभर अंतरावर कच्चा पिवळा भाग अशी नक्षी उमटते. फिरत्या ताटलीने हा दोष कमी होतो, पण तिचा मध्यबिंदू जागचा हलत नाही. म्हणून इडल्या मध्ये एक आणि भोवती बाकीच्या अशा ठेवण्यापेक्षा मध्य रिकामा सोडून कडेने ठेवाव्यात.

मायक्रोवेव्हची खरी जोखीम या डागाळलेल्या तापण्यात आहे. तान्ह्या बाळाची दुधाची बाटली त्यात गरम करू नये असं डॉक्टर सांगतात ते किरणांमुळे नव्हे. बाटली हाताला कोमट लागते आणि मधला घोट तोंड पोळवणारा असू शकतो. शिळ्या मटणाच्या रश्शात एक फोड वाफाळलेली आणि शेजारची थंडगार असते, आणि थंड फोडीतले जंतू जिवंत राहतात. शिळं अन्न ७४ अंश सेल्सियसपर्यंत तापवावं असा अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला आहे. थर्मामीटर नसेल तर मध्येच थांबवून ढवळावं, झाकून पुन्हा फिरवावं आणि बाहेर काढल्यावर दोन मिनिटं तसंच राहू द्यावं. ती दोन मिनिटं शिजण्याचाच भाग आहेत. भाताची गोष्ट मात्र वेगळी. बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू भात शिजतानाही तगतात, कोमट भातात वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं उलट्या घडवणारं विष कुकरच्या तापमानालाही दाद देत नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात सकाळी मायक्रोवेव्हमध्ये कितीही वाफवला किंवा कढईत फोडणीला टाकला, तरी तो सुधारत नाही. उरलेला भात दोन तासांच्या आत पसरट भांड्यातून फ्रीजमध्ये जायला हवा. पोट बिघडल्यावर खापर ओव्हनवर फुटतं, चूक आदल्या रात्रीची असते.

उष्णतेचा दुसरा दगा शांत दिसणाऱ्या पाण्यात असतो. शेगडीवर आधण बुडबुड्यांनी बोलतं. गुळगुळीत काचेच्या कपात मात्र पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही निश्चल राहू शकतं, आणि कॉफीची पूड पडताच उसळून हातावर येतं. कपात आइस्क्रीमची लाकडी काडी ठेवली, की बुडबुड्यांना जन्म घ्यायला जागा मिळते. अंड्याचं तसंच. 'सोललेलं उकडलेलं अंडं चालतं' हा समज चुकीचा आहे, कारण अंडं पाण्यात ठेवून तापवलं तरी पिवळा बलक त्या पाण्यापेक्षाही जास्त तापू शकतो. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या ध्वनितज्ज्ञांनी एका खटल्याच्या निमित्ताने शंभरएक उकडलेली अंडी पुन्हा गरम करून बघितली. सुमारे एक तृतीयांश फुटली, काही बाहेर काढून टोचल्यावर, आणि फुटभर अंतरावरचा आवाज ८६ ते १३३ डेसिबल भरला. कान वाचतील, ओठांचं सांगता येत नाही.

भांड्यांबद्दल आपल्याकडे गोंधळ जास्त, कारण आपलं घर स्टीलचं. स्टीलची वाटी ठेवली की स्फोट होतो, असं नाही. ओव्हनच्या भिंती धातूच्याच असतात. खोल स्टीलच्या डब्यात लहरी वरून जेमतेम पोचतात, म्हणून अन्न थंड राहतं. आणि पातळ कड, काट्याची टोकं, कपाची सोनेरी किनार, चुरगळलेली फॉइल किंवा टी-बॅगची पिन असली की ठिणग्या उडतात. ओव्हनमध्ये कन्व्हेक्शनची, म्हणजे गरम हवेने भाजण्याची सोय असेल, तर तिच्यावर केकचा अॅल्युमिनियमचा डबा चालतो, मायक्रोवेव्हवर नाही. बटण बघूनच भांडं ठरवावं. प्लास्टिकवर 'मायक्रोवेव्ह सेफ' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ मुख्यतः इतकाच, की ते भांडं वितळून वाकडं होऊ नये. भारतीय नियमांप्रमाणे प्लास्टिकमधून किलोभर अन्नात एकूण ६० मिलिग्रॅमपर्यंत द्रव्य उतरलेलं चालतं, म्हणजे काहीतरी उतरतं हे नियमालाही मान्य आहे. पाणी १०० अंशांच्या आसपास थांबतं, तेल थांबत नाही. म्हणूनच जुन्या डब्यात तर्रीच्या पातळीवर एक लाल, खरबरीत रेघ कायमची बसलेली दिसते. तिथे प्लास्टिक भाजलेलं असतं. मिसळीचा कट काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात ओतायला अर्धं मिनिट लागतं. सांबाराच्या पातळ पिशव्या आणि मेलामाइनच्या बशा तर आत जाऊच नयेत.

ओव्हनच्या आतल्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखा एक करडा तुकडा असतो. पॅकिंग राहून गेलं समजून बरेच जण तो काढून टाकतात. तो अभ्रकाचा असतो, आणि लहरी येण्याच्या वाटेवर अन्नाचे शिंतोडे जाऊ नयेत म्हणून तो बसवलेला असतो. त्यावर तेल उडून जळलं की ठिणग्या दिसतात आणि ओव्हन गेला असं वाटतं. तुकडा ओल्या फडक्याने पुसावा, जळून भोक पडलं असेल तर बदलावा. त्यापलीकडे मागचं कव्हर उघडू नये. आत हजारो व्होल्टवर चालणारा कपॅसिटर असतो आणि प्लग काढून ठेवल्यावरही त्यात जीव घेण्याइतका विद्युतभार शिल्लक राहू शकतो.