प्रबंध शोधगंगेवर जातो, प्रोग्राम कुठे जातो?

पीएचडी संपली की प्रबंधाची एक प्रत शोधगंगेवर जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाचा तसा नियमच आहे. त्यामुळे वीस वर्षांनीही कोणाला तो उघडून वाचता येईल. पण ज्या प्रोग्रामच्या जोरावर प्रबंधातले सगळे तक्ते आणि आलेख उभे असतात, तो कुठे जातो? बहुतेक वेळा कुठेच नाही. तो एका लॅपटॉपवर असतो, फार तर एका पेनड्राइव्हवर. विद्यार्थी नोकरीला लागतो, लॅपटॉप बदलतो, आणि त्याच गाइडकडे आलेला पुढचा विद्यार्थी तेच काम पहिल्यापासून करत बसतो.

संशोधनाकडे वळू पाहणाऱ्या तुमच्यासारख्यांसाठी म्हणून आज हा विषय घेतलाय. आपण लिहिलेलं सॉफ्टवेअर डेबियनसारख्या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नवं पॅकेज म्हणून कसं दाखल होतं, ते पाहू. शेवटी तुम्ही पॅकेज केलंत किंवा नाही केलंत, तरी ही प्रक्रिया समजून घ्या. गाइड आणि परीक्षक कोडबद्दल जे प्रश्न सहसा विचारत नाहीत, नेमके तेच इथे विचारले जातात.

कृष्णेचं उदाहरण

समजा, तुमचा विषय कृष्णेचा पूर आहे. कोयना धरणातून सोडलेलं पाणी सातारा जिल्ह्यात कराडला कृष्णेला मिळतं आणि पुढे सांगलीत येतं. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथे पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तुम्ही पायथॉनमध्ये एक प्रोग्राम लिहिलात. कोयनेचा विसर्ग आणि कराडची पातळी दिली की आयर्विन पुलापाशी पाणी केव्हा आणि किती चढेल, याचा तो अंदाज देतो. पेपर छापून आला, पदवी मिळाली.

चार वर्षांनी सांगलीतल्या एका विद्यार्थिनीला तो प्रोग्राम ऐन पावसाळ्यात चालवून बघायचाय. ती चालवते आणि पहिल्याच ओळीत एरर येते. नदीचं गणित तर बदललेलं नाही. मग झालं काय?

असं अनेक मार्गांनी होतं. पायथॉन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, त्यातले प्रोग्राम नव्या मशीनवर चालत नाहीत. नमपायमध्ये 'एनपी डॉट फ्लोट' असं सर्रास लिहिलं जायचं. २०२१ च्या सुरुवातीला आलेल्या १.२० आवृत्तीपासून त्याबद्दल इशारा येऊ लागला आणि २०२२ च्या डिसेंबरातल्या १.२४ आवृत्तीत ते नाव काढूनच टाकलं. तुमचा कोड जागच्या जागी असतो, पण त्याच्या खालची जमीन सरकत राहते. ही सरकती जमीन कोणीतरी सतत बघत राहणं, हेच ऑपरेटिंग सिस्टिमच्या पॅकेजिंगचं खरं काम.

अपस्ट्रीम म्हणजे सातारा, डाउनस्ट्रीम म्हणजे सांगली

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात हे दोन शब्द रोज कानावर पडतात. मूळ प्रोग्राम लिहिणारा तो अपस्ट्रीम, म्हणजे नदीच्या वरच्या अंगाचा. तो घेऊन, नीट बांधून लोकांपर्यंत पोचवणारा तो डाउनस्ट्रीम. आपल्या भागात हे वेगळं समजवायला नको. वर महाबळेश्वर-कोयनेत जे होतं ते खाली सांगलीत कळतं.

डेबियन हे तुमचं डाउनस्ट्रीम. पण नदी तिथे थांबत नाही. उबुंटू डेबियनमधून पॅकेजेस घेतं, सी-डॅकची बॉस लिनक्सही डेबियनवरच आधारलेली आहे. म्हणजे तुमचं पॅकेज डेबियनमध्ये गेलं की त्याच्या खाली असलेल्यांनाही ते वेगळे कष्ट न करता मिळू शकतं.

यातून एक शिस्त येते. डेबियनच्या माणसाला तुमच्या कोडमध्ये चूक सापडली तर ती फक्त आपल्यापाशी दुरुस्त करून गप्प बसायचं नाही, वर अपस्ट्रीमला कळवायचं. दुरुस्ती उगमापाशी झाली तरच ती सगळ्यांना मिळते.

पॅकेज म्हणजे नक्की काय?

तुमचा मूळ कोड आहे तसाच राहतो. त्याच्या शेजारी 'डेबियन' नावाचं एक फोल्डर येतं आणि त्यात काही छोट्या फाइल्स असतात. 'कंट्रोल' फाइल सांगते की हे काय आहे, कोण सांभाळतं आणि चालायला आणखी काय काय लागतं. 'रूल्स' सांगते की हे बांधायचं कसं, आणि साध्या पायथॉन प्रोग्रामसाठी ती तीन-चार ओळींची असते. 'चेंजलॉग'मध्ये प्रत्येक बदलाची नोंद असते. 'कॉपीराइट'मध्ये प्रत्येक फाइल कोणाची आणि कोणत्या परवान्याखाली, ते लिहिलेलं असतं. 'वॉच' फाइल नव्या आवृत्तीवर नजर ठेवते.

पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं, रूल्स अवघड असणार. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त वेळ खाते ती कॉपीराइट फाइल.

परवान्यातले खड्डे

डेबियनने १९९७ मध्ये मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय याची नियमावली ठरवली. संशोधनाचा कोड तिला साधारण चार ठिकाणी अडतो.

पहिलं, परवानाच नसणं. कोड इंटरनेटवर टाकला म्हणजे तो मुक्त झाला, असं नाही. परवाना लिहिलेला नसेल तर तो वापरायचा हक्क कोणालाच नाही.

दुसरं, 'फक्त शैक्षणिक वापरासाठी' अशी अट. संशोधकांना ती उदार वाटते. डेबियनच्या दृष्टीने ती मुक्त नाही, कारण नियमावलीत कोणत्याही क्षेत्रातल्या वापराला मज्जाव करता येत नाही. पाटबंधारे खात्याचा कंत्राटदारही तुमचा प्रोग्राम वापरू शकला पाहिजे.

तिसरं, उसना कोड. 'न्यूमेरिकल रेसिपीज' या पुस्तकातली फंक्शन्स पिढ्यान्‌पिढ्या संशोधकांनी आपल्या कोडमध्ये उतरवून घेतली आहेत. त्या कोडचा परवाना पुढे वाटायची मोकळीक देत नाही. एक फंक्शन जरी तिथलं असलं तरी सगळं अडकतं. उपाय सोपा आहे. तेच काम सायपाय किंवा जीएनयू सायंटिफिक लायब्ररीकडून करून घ्या.

चौथं, डेटा आणि मालकी. कोड तुमचा असेल, पण धरणाच्या विसर्गाच्या नोंदी तुमच्या नाहीत. त्या वाटायचा हक्क स्पष्ट नसेल तर पॅकेजमध्ये घालू नका. तपासणीसाठी स्वतः तयार केलेली छोटी कृत्रिम फाइल पुरते. आणि फेलोशिपवर लिहिलेल्या कोडची मालकी तुमची की संस्थेची, हे पहिल्याच वर्षी लेखी विचारून ठेवा. पदवी मिळाल्यावर ते पत्र मिळवणं फार जड जातं.

परवाना मोकळा झाला की काय होतं, याचं आपल्या घरातलं उदाहरण म्हणजे लोहित फॉन्ट. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले हे फॉन्ट रेड हॅटच्या मार्फत जीपीएल परवान्याखाली आले आणि २०११ मध्ये ओपन फॉन्ट लायसन्सखाली गेले. म्हणूनच ते डेबियनमध्ये आहेत, आणि मराठी अक्षरं दिसायला कोणाला फॉन्ट विकत घ्यावा लागत नाही.

दाखल होण्याच्या पायऱ्या

१. आधी शोधा. ते सॉफ्टवेअर आधीच डेबियनमध्ये आहे का, किंवा कोणी त्यावर काम करतंय का, ते पाहा. ही पायरी म्हणजे आपला लिटरेचर रिव्ह्यूच.

२. इरादा जाहीर करा. 'मी हे पॅकेज करणार आहे' अशी नोंद डेबियनच्या बग-यादीत करायची, तिला आयटीपी म्हणतात. सिनॉप्सिस नोंदवण्यासारखंच हे. दोघांनी एकच काम करू नये आणि कोणाचा आक्षेप असेल तर आधीच कळावा, हा हेतू.

३. बांधा, पण स्वच्छ जागी. एसबिल्ड हे साधन एक कोरी डेबियन उभी करतं आणि त्यात फक्त तुम्ही कंट्रोल फाइलमध्ये लिहिलेल्या गोष्टी घालून पॅकेज बांधतं. बांधताना इंटरनेटवरून काही ओढून आणायला डेबियनची मनाई आहे. 'माझ्या मशीनवर तर चालतं' ही सबब इथे संपते. तुमच्या लॅपटॉपवर कधीतरी हाताने टाकलेली, पण कुठेच न लिहिलेली लायब्ररी इथे उघडी पडते. मग लिंटियन हे साधन नियमांच्या बारीकसारीक चुका दाखवतं.

४. स्पॉन्सर मिळवा. नवं पॅकेज थेट चढवायचा अधिकार फक्त डेबियन डेव्हलपरला असतो. तुमचं काम तपासून तो आपल्या सहीने ते चढवतो. एकट्याने दार ठोठावण्यापेक्षा डेबियन सायन्स, डेबियन पायथॉन किंवा डेबियन जीआयएस अशा एखाद्या टीममधून जा. तिथे तुमच्या विषयाची भाषा समजणारी माणसं असतात.

५. 'न्यू' रांगेत थांबा. पहिल्यांदा येणारं प्रत्येक पॅकेज डेबियनच्या टीमची माणसं स्वतः उघडून बघतात, विशेषतः परवाने. हे सगळे स्वयंसेवक. कधी काही दिवसांत होतं, कधी काही महिने लागतात. नाकारलं तर कारण मिळतं, सुधारून परत पाठवता येतं. जर्नलच्या रेफरीसारखंच, पण इथे रेफरी प्रत्येक फाइल उघडतो.

६. पुढचा प्रवास. पॅकेज आधी 'अनस्टेबल'मध्ये जातं, गंभीर दोष निघाला नाही तर काही दिवसांत 'टेस्टिंग'मध्ये, आणि साधारण दोन वर्षांनी नवी आवृत्ती निघते तेव्हा 'स्टेबल'मध्ये.

तुमचा कोड सी किंवा फोरट्रानमध्ये असेल तर आणखी एक परीक्षा. तो निरनिराळ्या प्रोसेसरांवर बांधून बघितला जातो. त्यातल्या एस३९०एक्स या आयबीएमच्या मोठ्या मशीनवर आकड्यांतल्या बाइट्सचा क्रम आपल्या लॅपटॉपच्या उलटा असतो. बायनरी फाइल वाचताना तुम्ही क्रम गृहीत धरला असेल तर तिथे पाण्याची पातळी भलतीच येते. असा दोष नेहमीच्या मशीनवर कधी दिसलाच नसता.

मिळतं काय?

परत सांगलीतल्या त्या विद्यार्थिनीकडे येऊ. पॅकेज डेबियनमध्ये असतं, तर नमपायची नवी आवृत्ती आत येताना त्यावर अवलंबून असलेल्या पॅकेजच्या चाचण्या आपोआप चालल्या असत्या. तुमचं पॅकेज नापास झालं असतं, बग नोंदला गेला असता, आणि पूर यायच्या आधी तुम्हाला कळलं असतं. शिवाय डेबियन जुन्या आवृत्त्याही फेकत नाही. स्नॅपशॉट संग्रहात २००५ पासूनची पॅकेजेस आहेत. तुमच्या पेपरच्या दिवशी कोणती आवृत्ती होती ते काढून, तेच आकडे पुन्हा मिळवता येतात.

पण अट आहे: चाचण्या तुम्ही लिहिलेल्या हव्यात. २०१९ च्या पुराची सोपी कृत्रिम नक्कल दिली तर उत्तर अमुक यायला हवं, एवढी एक चाचणीसुद्धा नसण्यापेक्षा बरी.

आणि सांभाळणार कोण?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये एकूण ६९,८३० पॅकेजेस आहेत. त्यांत १४,१०० हून जास्त नवी आली, आणि त्याच वेळी ८,८४० हून जास्त जुनी काढून टाकली गेली. म्हणजे आत गेलो की कायमचे राहिलो, असं नाही. जे कोणी सांभाळत नाही ते बाहेर जातं.

एका स्टेबल आवृत्तीला तीन वर्षं पूर्ण आधार मिळतो आणि वर दोन वर्षं दीर्घकालीन आधार. तुमची फेलोशिप बहुधा त्याआधी संपेल. म्हणून प्रत्येक स्क्रिप्ट पॅकेज करायच्या मागे लागू नका. एकाच पेपरचे आलेख काढणारा कोड असेल तर तो परवान्यासकट झेनोडोवर ठेवा, डीओआय घ्या, प्रबंधात तो लिहा. दुसऱ्या कोणाला रोज वापरावंसं वाटेल असं साधन असेल, तरच डेबियनचा विचार करा, आणि तोही टीमच्या नावाने. तुम्ही बाजूला झालात तरी टीम राहते.

असं टिकलेलं काम आपल्याकडे झालेलं आहे. त्रिमितीय आकृत्या दाखवणारं 'मायावी' हे पायथॉन सॉफ्टवेअर प्रभु रामचंद्रन यांनी सुरू केलं, ते पुढे आयआयटी मुंबईत एअरोस्पेस विभागात प्राध्यापक झाले. 'मायावी२' या नावाने ते डेबियनमध्ये आलं आणि जगभरच्या संशोधकांनी वापरलं.

सुरुवात कुठून?

नव्या पॅकेजपासून करू नका. डेबियनमध्ये 'ऑर्फन' म्हणजे पालक नसलेल्या पॅकेजेसची यादी आहे. त्यातलं तुमच्या विषयाजवळचं एक निवडा, त्याचा एखादा छोटा बग सोडवा, ते स्वतः बांधून बघा. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत आहे, त्याचं भाषांतर तपासणं हेही योगदानच. सांगलीत असाल तर वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप हा विद्यार्थ्यांचा गट आहे, तिथे विचारायला लाजू नका. साताऱ्यात किंवा कराडला असाल आणि जवळ गट नसेल, तर दोघंतिघं मिळून दर शनिवारी एक पॅकेज उघडून वाचा.

आणि संशोधनाला लागायच्या आधी आजच एवढं करून बघा. तुमचा सध्याचा प्रोजेक्ट मित्राच्या, नुकतंच लिनक्स टाकलेल्या कोऱ्या मशीनवर फक्त लेखी सूचनांवरून चालवायला सांगा. तुम्ही शेजारी बसायचं, पण बोलायचं नाही. तो जिथे जिथे अडेल ते लिहून घ्या. तीच तुमच्या कंट्रोल फाइलची पहिली यादी.