दोन पेन्सिल सेलांवर चालणारं जाळं

अमेरिकेच्या मेन राज्याच्या किनाऱ्याजवळ ग्रेट डक नावाचं बेट आहे. तिथल्या जमिनीतल्या बिळांमध्ये स्टॉर्म पेट्रेल हे छोटे समुद्रपक्षी अंडी घालतात. माणसाची ये-जा त्यांना सोसत नाही. म्हणून २००२ साली बर्कलीच्या संशोधकांनी त्या परिसरात ३२ इवली यंत्रं ठेवली. प्रत्येकात काही संवेदक, एक रेडिओ आणि दोन पेन्सिल सेल! पुढच्या वर्षी तिथे एकमेकांकरवी निरोप पुढे पोचवणारं जाळंही उभं राहिलं.

निरोप असा हातोहात का द्यायचा? मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की रेडिओला चौपट ऊर्जा लागते. जमिनीलगत त्याहूनही जास्त. शंभर मीटरच्या एका उडीला १०,००० एकक ऊर्जा लागते असं धरू. तेच अंतर दहा-दहा मीटरच्या दहा टप्प्यांत कापलं, तर प्रत्येक टप्प्याला १००, म्हणजे सगळे मिळून १,०००. निरोप तोच, अंतर तेच, खर्च दहावा हिस्सा! हे गणित कितीदाही केलं तरी मला नवल वाटतंच. अर्थात मधल्या प्रत्येक यंत्राची निरोप ऐकण्यातही ऊर्जा जाते, त्यामुळे टप्पे वाटेल तेवढे वाढवता येत नाहीत.

पण स्वस्त वाट सापडली की सगळे निरोप तिथूनच धावू लागतात आणि त्या वाटेवरची यंत्रं सर्वांआधी संपतात. एकाच बैलाला रोज जुंपल्यावर दुसरं काय होणार? १९९८ साली सुरेश सिंग, माइक वू आणि सी. एस. राघवेंद्र यांनी म्हणूनच सुचवलं, की वाट निवडताना वाटेतल्या यंत्रांची उरलेली बॅटरीही पाहावी. थोडा वळसा पडला तरी चालेल.

२००० साली एमआयटीच्या वेंडी हाइनझेलमन, अनंत चंद्रकासन आणि हरी बालकृष्णन यांनी 'लीच' ही पद्धत मांडली. तिच्यात यंत्रांचे गट पडतात. गटाचा म्होरक्या सगळ्यांची माहिती गोळा करतो, आटवतो आणि दूरच्या केंद्राला धाडतो. हे काम बॅटरी पिऊन टाकणारं, म्हणून पाळ्या लागतात. पाळी कोणाची, हे सांगणारा मात्र वर कोणी नाही! प्रत्येक यंत्र मनाशी एक आकडा काढतं. तो ठरलेल्या मर्यादेखाली आला तर स्वतःहून म्होरक्या होतं. मग बाकीच्यांच्या पाळ्या होईपर्यंत त्याला सुट्टी.

एवढं करूनही एक खर्च उरतो. काहीच येत नसताना नुसता कान लावून बसलेला रेडिओसुद्धा निरोप घेताना लागते जवळपास तेवढीच ऊर्जा खातो. म्हणून यंत्रं बहुतेक वेळ रेडिओ बंद ठेवतात आणि जागं व्हायच्या वेळा शेजाऱ्यांशी जुळवून घेतात. त्यामुळे वाट शोधताना पुढचं यंत्र किती लांब आहे, त्याच्यात किती बळ उरलंय आणि ते कधी जागं होणार, या तिन्हींचा हिशेब एकदम करावा लागतो.